पिढ्या वाचणारे

जर्मनीत पूर्वजांचा माग काढणारे कुटुंब बहुधा मूळ गावच्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदवह्या उघडते. सातारा-सांगलीकडे इतकी सोय नाही. इथे थोडा इतिहास दारातच चालत येतो. सुगी झाली की बेळगाव भागातले, वंशावळी राखणारे हेळवी येतात, कुळाच्या पिढ्या वाचून दाखवतात, नव्या पोरांची नावे चढवतात, धान्य-पैसे घेऊन पुढच्या गावाला निघतात. मूळ गाव, देवक, कोणता भाऊ कधी कुठे पांगला, सारे त्यांच्या चोपड्यांत. लेकी-सुनांची नावे मात्र आपल्या वंशावळींत अभावानेच. हे खटकलेच पाहिजे.

संस्थानिकांचे बरे असते. सांगलीचे पटवर्धन मूळचे रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे. त्यांचे दप्तर मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तून छापले. शेतकऱ्याच्या घराला कोण खरेशास्त्री मिळणार?

2023 मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि त्या नोंदींसाठी तहसील कचेऱ्यांत गर्दी झाली. गाव नमुना चौदा, कोतवाल बुक या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांची नावे पारावर आली, मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. पण कुणबी दाखला हातात पडला की शोध संपतो. पणजोबाचे नाव मिळाले, त्याच पानावरच्या शेजाऱ्यांकडे कोण बघतो?

घरात जुने कागद असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा, कागद कोणत्या गावचा, कुणाच्या पेटीतला तेही लिहा. लॅमिनेशन मात्र करू नका.