त्यांच्या कल्पनेला कोटी, आमच्या बांधाला 'पुरावा आणा'!



वनहक्काच्या दाव्यासाठी आपण संभाजीनगरला हेलपाटे घालतो. त्याच शहराच्या कडेला वाळूज, शेंद्रा, बिडकीनची कारखानदारी आहे. तिथल्या छोट्या कारखानदारांना सरकार सांगतं, फौजेसाठी नवं काही बनवा, पैसा आम्ही देतो.

हे खोटं नाही. २०१८ साली केंद्राच्या संरक्षण खात्यानं 'आयडेक्स' योजना काढली. फौजेला ड्रोन पाहिजे, एखादं नवं यंत्र पाहिजे, तर छोट्या कंपनीनं, एकट्या माणसानंसुद्धा अर्ज करायचा. निवड झाली की दीड कोटीपर्यंत अनुदान. पुढं 'प्राइम'मध्ये ते १० कोटींपर्यंत गेलं. २०२४ ला 'अदिती' आली, तिच्यात २५ कोटींपर्यंत. तीन वर्षांसाठी ७५० कोटी बाजूला काढले.

आता नीट बघा. अर्ज करताना ते यंत्र बनलेलं नसतं. ते चालंल का नाही, कुणालाच ठाऊक नसतं. तरी सरकार भरवसा ठेवतं. निम्मा खर्च कंपनीनं करायचा, काम जसं पुढं सरकंल तसा टप्प्याटप्प्यानं सरकारचा पैसा.

आम्ही त्या छोट्या कारखानदाराच्या वाईटावर नाही. फौजेच्याही नाही. आमचा सवाल सरकारला आहे: जे अजून बनलंच नाही त्याच्यावर तुमचा भरवसा बसतो, मग जे डोळ्यांनी दिसतंय त्याच्यावर का बसत नाही?

कन्नड, सोयगावच्या डोंगरात आमच्या आज्यानं दगड वेचले, बांध घातला, विहीर खोदली. निम्मा नाही, सगळा वाटा आमचाच. सरकारचा एक रुपया नाही. तरी हापिसात एकच शब्द: 'पुरावा आणा.' नेला तर म्हणे 'हा चालत नाही, दुसरा आणा.' आणि मग एक दिवस कळतं, दावा फेटाळला. का, ते सांगायला कुणी नाही.

आम्ही कोटी मागत नाही. २००६ चा कायदा पाळा, एवढंच मागतो. त्याच्या नियमांत १३ वा नियम आहे. म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा. बांध, विहीर, घर हाही पुरावा. असे एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. अमुकच कागद आणा असा हट्ट उपविभागीय किंवा जिल्हा समितीला धरता येत नाही. दावा फेटाळला तर दावेदाराला स्वतःला कळवावं लागतं, म्हणजे ६० दिवसांत अपील करता येतं. आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून हुसकता येत नाही.

कारखानदाराला टप्पे ठरवून पैसा देता येतो, तर आमच्या दाव्याला तारीख ठरवून निकाल का देता येत नाही? फौजेत आमचीही पोरं जातात. देश राखायला आम्ही चालतो, आणि जमीन राखायची म्हटलं की अतिक्रमणवाले?

म्हणून या महिन्यात गावागावात ग्रामसभा घ्या. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या, वनहक्क समितीच्या सह्या घ्या, बांध-विहिरीचा पंचनामा जोडा. दावा दिला की पोच घेतल्याशिवाय हापिसातून हलू नका. तोंडी उत्तर ऐकून परत फिरू नका, लेखी मागा.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!