घरची शाळा आणि गावची शाळा

जून महिना जवळ आला, दुकानांतून नव्या दप्तरांच्या माळा लोंबू लागल्या, की गल्लीतील प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारला जातो, 'यंदा कितवीत?' आमच्या कन्येला हा प्रश्न कोणी केला म्हणजे ती माझ्याकडे पाहते आणि मी भिंतीकडे पाहते. कारण गेली तीन वर्षे ती कोणत्याच इयत्तेत नाही. ती घरी शिकते, आणि तिला शिकविणारी मी, तिची आई. या तीन वर्षांचा जमाखर्च वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आमच्यासारखा विचार करणारी आणखी काही घरे अलीकडे भेटू लागली आहेत. त्यांना गोड तेवढेच सांगणे हा अपराध ठरेल.

चार लोक घालतात म्हणून आम्हीही मुलीला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. घरात अखंड बडबड करणारी ही पोर शाळेत मुकी झाली. पाणी मागावयाचे इंग्रजी वाक्य वेळेवर आठवेना, म्हणून ती दिवस दिवस तहानलेली राही, हे आम्हांला कळावयास दीड वर्ष लागले. शाळेच्या दप्तरी मात्र 'मुलगी मंद आहे' असा शेरा पडला. दोष एकट्या शाळेचा नव्हे. जी भाषा आमच्या चुलीपाशी कधी बोलली गेली नाही, त्या भाषेत सहा वर्षांच्या जीवाने विचार करावा, ही अपेक्षा आम्हीच केली होती. दुसरीच्या मध्यावर तिला काढले, मी पतसंस्थेतील नोकरी सोडली आणि माजघरात घरची शाळा सुरू झाली.

या शाळेला घंटा नाही. सकाळी भाकरी थापताना निमकी आणि पावकी शिकविली. भाकरीचे चार तुकडे केले की अपूर्णांकाचे भय राहत नाही. गणपत गल्लीत भाजी घेताना पैशांचा हिशेब तिने करावयाचा आणि चूक झाल्यास भाजीवालीने दुरुस्त करावयाचा, असा ठरावच झाला होता. शहापूर-वडगावकडे हातमागावर उभा-आडवा धागा कसा विणला जातो, हे तिने तासभर न हलता पाहिले. किल्ल्यातील कमलबस्तीच्या छतावरचे कमळ पाहून घरी आल्यावर वर्तुळाचे समान भाग पाडण्याचा तिने स्वतःच हट्ट धरला. शेजारच्या अज्जींपाशी बसून ती कन्नड बोलावयास शिकली, आणि भाषेची धास्ती गेल्यामुळे आता इंग्रजी पुस्तकही निर्भयपणे उघडते. तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर परवचा होतो. मुलगी पुन्हा बोलू लागली, ही या खात्यावरील सर्वांत मोठी जमा.

आता खर्चाची बाजू. एक पगार बंद झाला. आई आणि शिक्षिका या दोन भूमिका एकाच बाईने एकाच पदराने सांभाळावयाच्या म्हणजे काय, हे अनुभवल्यावाचून कळत नाही. गणित चुकले म्हणून मी रागावले, तर कुशीत शिरण्यासाठी तिने कोणाकडे जावे? शाळेतून रडत आलेल्या मुलाला घर असते. घरातच शाळा असलेल्या मुलाला दुसरे घर कोठून आणावे? 'घरी शिकविणारे पालक' असा शब्द आपण वापरतो खरा, परंतु प्रत्यक्षात हा भार बहुधा आईवर पडतो आणि वडील रविवारचे परीक्षक होतात. आमच्या घरीही याहून निराळे घडले नाही.

कायद्याची स्थिती काय आहे? २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यासाठी २००९ साली झालेला कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १०व्या कलमाने मुलास शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य पालकावर टाकले आहे, परंतु ते न पाळणाऱ्यास दंड सांगितलेला नाही. घरच्या शिक्षणाला कायदा मान्यता देत नाही आणि त्यावर स्पष्ट बंदीही घालीत नाही. चौदा वर्षांनंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीच्या तोडीची परीक्षा देता येते. महाराष्ट्रात सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगी रीतीने परीक्षेस बसणारी मुले आहेतच. तोवरचा काळ मात्र उंबरठ्यावर उभे राहून काढावा लागतो, आत नाही आणि बाहेरही नाही.

हा उंबरठा कायमचा मोकळा करावा, घरी शिकविण्यास पूर्ण मुभा द्यावी, असे काही पालक म्हणतात. ते पंडिता रमाबाईंचा दाखला देतात. दाखला खरा आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, लक्ष्मीबाईंनी ते लेकीला दिले, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' म्हणून गौरविले. परंतु रमाबाईंना संस्कृत विद्येची दारे बंद होती म्हणून त्या घरी शिकल्या, हे विसरून कसे चालेल? जी दारे पुढच्या पिढ्यांनी कष्टाने उघडली, ती आपणच आतून लावून घ्यावयाची काय?

दुसरा दाखला बडोद्याचा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली प्रांतात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. सक्ती कशासाठी? गरिबाचे मूल घरी राहिले म्हणजे ते शिकत नाही, राबते, म्हणून. पतसंस्थेत हिशेब लिहिणाऱ्या आईची मुलगी घरी राहिली तर ती पावकी शिकते. शेतमजूर बाईची मुलगी घरी राहिली तर ती धाकटे भावंड सांभाळते आणि पुढे लवकर बोहल्यावर चढते. 'आमची घरीच शिकते' हे वाक्य दोन्ही घरांतून सारखेच ऐकू येईल. सरकारने ते तपासून पाहू नये, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

म्हणून आमची मागणी मुभेची नव्हे, नोंदीची आहे. घरी शिकणाऱ्या मुलाचे नाव जवळच्या सरकारी शाळेत नोंदवावे, वर्षातून एकदा तेथील गुरुजींनी त्याची प्रगती पाहावी, आणि मोबदल्यात त्या शाळेचे ग्रंथालय व क्रीडांगण त्यास खुले असावे. यात कोणाचे नुकसान आहे?

आता वाचकांच्या ओठावर असलेला प्रश्न. इंग्रजी शाळेतून काढलेली मुलगी मराठी शाळेत का घातली नाही? हा प्रश्न आम्हांलाही बोचत आला आहे. त्या वेळी शाळेची इमारत दिसली तरी ती थरथर कापे. एक वर्ष थांबू म्हणून थांबलो आणि एकाची तीन झाली, हे कारण खरे आहे. परंतु मराठी शाळांचा पट घटत चालल्याची हळहळ चारचौघांत व्यक्त करताना, त्या पटावरचे एक नाव आपणच अडवून धरले आहे, याची लाज वाटत असे, हेही तितकेच खरे आहे.

निकाल अखेर मुलीनेच लावला. गेल्या दिवाळीत अंगणात ती म्हणाली, 'आई, मला खो-खो खेळायचाय.' मी पदर खोचून उभी राहिले, तशी ती हसली. 'अगं, एका बाजूला नऊ जण लागतात!' घरात आम्ही तिघे. भाकरीवर अपूर्णांक शिकविता येतो. भाकरीवर सवंगडी निर्माण करता येत नाहीत.

येत्या हंगामात ती गल्लीच्या टोकाशी असलेल्या मराठी शाळेत जाईल. त्याच कायद्याच्या ४थ्या कलमाने मध्येच शिक्षण सुटलेल्या मुलास वयानुरूप वर्गात बसण्याचा आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी खास शिकवणीचा हक्क दिला आहे. गुरुजींना आम्ही सर्व हकीकत सांगितली आहे. परवचा तिन्हीसांजेला चालूच राहील. कोणी 'कितवीत?' म्हणून विचारले, तर यंदा उत्तर तीच देईल.