मर्दानगीला दिलेले मत

‘लोक अडाणी आहेत, म्हणून नटांना निवडून देतात’ हे वाक्य मिस्सेनंतर चर्चच्या आवारात अनेकदा कानी पडते. ज्यांना ते पटते त्यांनी आशियातील सर्वाधिक कॅथलिकांचा देश, फिलिपिन्स, जरा न्याहाळावा.

१९९८ साली तिथे जोसेफ एस्ट्राडा हा चित्रपटनट राष्ट्राध्यक्ष झाला. सुखवस्तू घरातला, जेसुइटांच्या शाळेतून काढून टाकलेला हा मुलगा पडद्यावर गरिबांसाठी ठोसे लगावणारा रांगडा गडी झाला होता. त्याचे लाडके नाव ‘एराप’, म्हणजे ‘पारे’ हा शब्द उलटा करून. ‘पारे’ म्हणजे दोस्त; त्याचे मूळ ‘कॉम्पाद्रे’, ज्यापासून आपल्या वसईतला ‘कुपारी’ आला असे मानतात. अनेक स्त्रियांपासून झालेली मुले त्याने लपवली नाहीत. उलट त्यावर विनोद केले. कार्डिनल हाइमे सिन यांनी विरोध केला, तरी त्याला जवळजवळ ४० टक्के मते मिळाली. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला १६ टक्केही नाहीत. झोपडीतल्या माणसाला ‘दोस्त’ म्हणून हाक मारणारा दुसरा होता कोण? ती हाक खोटी ठरली. गरिबांच्याच चिल्लरीवर चालणाऱ्या ‘हुएतेंग’ या बेकायदा जुगाराचे हप्ते खाल्ल्याबद्दल २००७ साली न्यायालयाने त्याला दोषी ठरवले.

परंतु मधले एक प्रकरण आपण सोयीस्करपणे विसरतो. जानेवारी २००१ मध्ये मनिलाच्या एड्सा मार्गावरील मरियामातेच्या तीर्थमंदिरापाशी जमलेल्या सुशिक्षितांनी एस्ट्राडाला खाली खेचले. कार्डिनल त्यांच्या पाठीशी होते. एप्रिलअखेर, त्याच्या अटकेनंतर, त्याच जागी झोपडपट्ट्या लोटल्या, तेव्हा याच वर्गाने त्यांच्या अंगाच्या वासाची आणि पडलेल्या दातांची टिंगल केली. आईच्या दारी आलेल्या लेकरांची टिंगल!

२०१६ साली रॉद्रिगो दुतेर्ते आला. पोप फ्रान्सिस यांच्या भेटीमुळे वाहतूक तुंबली म्हणून याने भर सभेत त्यांना शिवी हासडली होती. ‘ठार मारीन’ ही त्याची भाषा. आणि या मर्दाला श्रीमंत व शिकलेल्या वर्गानेही भरघोस मते दिली. तेव्हा कुठे गेले होते ते शहाणपण? पोलिसांच्याच हिशेबाने अमली पदार्थविरोधी मोहिमेत ६,००० हून अधिक माणसे मारली गेली, बहुतेक गरीब वस्त्यांतली. त्यांच्या विधवांना आधार दिला तो फादर फ्लाविआनो व्हिलानुएवांसारख्या मोजक्या धर्मगुरूंनी.

मार्च २०२५ मध्ये दुतेर्तेला अटक होऊन त्याची रवानगी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कोठडीत झाली. मे महिन्यात, तो कोठडीत असतानाच, दावाव शहराने त्याला महापौर निवडले.