हा पोरखेळ नव्हे

दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली, याचे दुःख आम्हांस आहेच. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०२२ साली महामारीनंतरचा भार हलका करण्याच्या निमित्ताने ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातील दुसरा शब्द आणि त्याबरोबरचा मजकूर वगळला. २०२३ साली १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. विषय बारावीत शिकवला जातोच, हा खुलासा फसवा होता. बारावीला जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांनी डार्विनचे नाव मंत्र्यांच्या भाषणांतूनच ऐकावयाचे काय? माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिला नाही, असा युक्तिवाद २०१८ साली केंद्रातील एका राज्यमंत्र्यांनी केलाच होता.

परंतु आमचे आजचे भांडण त्यांच्याशी नाही. ते आहे आमच्याच बाजूच्या विद्वानांशी. धडा परत हवा म्हणून हे लोक सह्या करतात, आणि कोणी शिक्षक वर्गात चादर अंथरून टिकल्या पसरू लागला की ‘पोरखेळ’ म्हणून हसतात. जुना धडा होता तेव्हा तरी काय होत होते? जिराफाची मान लांबत होती आणि पाच गुण पदरात पडत होते.

खेळ साधा आहे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ स्टेबिन्स यांनी सहकाऱ्यासह तो १९७५ साली शिक्षकांपुढे मांडला. त्याचे एक सोपे रूप असे : तपकिरी नक्षीच्या चादरीवर चार रंगांच्या, सारख्या आकाराच्या प्रत्येकी २५ टिकल्या विखराव्यात. मुलांनी पक्षी होऊन, दिसेल ती टिकली पटकन उचलावी. ७५ उचलल्या की थांबावे. उरलेल्या प्रत्येक टिकलीला तिच्याच रंगाची तीन पिल्ले द्यावीत, पुन्हा शंभर. समजा, तपकिरी ११ वाचल्या, तर पुढल्या पिढीत त्या ४४ झाल्या. एकाही टिकलीने रंग बदलला नाही, तरी चादरीवरचा समाज बदलला. ‘प्राणी परिस्थितीप्रमाणे स्वतःला बदलतो’ हा गैरसमज व्याख्यानाने जात नाही, तो येथे जातो. (टिकल्यांऐवजी हरभरा नि मसूर घेऊ नयेत, मोठा दाणा आधी दिसतो आणि रंगाची परीक्षा बाजूला राहते.)

‘निवड’ या शब्दानेही आपला घात केला आहे. निवड म्हटली की निवडणारा आला, त्याची आवडनिवड आली. वास्तविक आपल्या घरांत तांदूळ निवडतात त्या अर्थाने तो शब्द घ्यावयास हवा : खडा बाहेर जातो, उरते ते उरते. त्यातही निसर्गाच्या सुपाशी कोणी बसलेले नसते.

आमचा खरा राग मात्र अर्धवट खेळावर आहे. पुष्कळ ठिकाणी एक फेरी होते, टाळ्या पडतात, घंटा वाजते. पिढी नाही, संतती नाही. मग ती निवड कसली? निदान चार पिढ्या तरी व्हाव्यात. शिवाय काही गटांनी डोळे मिटून टिकल्या उचलाव्यात. त्यांचेही आकडे हलतात, पण एका गटात पिवळ्या वाढतात, तर दुसऱ्यात पांढऱ्या. डोळस गट बहुतेक एकाच दिशेला जातात. योगायोग आणि निवड यांतील हा भेद फळ्यावर लिहून कळत नाही. अखेरीस चादर बदलून हिरवी करावी. कालची श्रेष्ठ तपकिरी आता मार खाऊ लागते. आणि हिरवी आधीच नष्ट झाली असेल, तर गरज पडली म्हणून ती परत येत नाही.

कोणी म्हणेल, टिकल्यांनी निसर्ग सिद्ध होत नाही. कबूल. टिकल्यांनी तर्क कळतो. पुराव्यासाठी इंग्लंडमधील ठिपक्यांच्या पतंगाकडे जावे. मँचेस्टरमध्ये त्याचा काळा प्रकार १८४८ साली नोंदला गेला, आणि शतक संपण्यापूर्वी तेथे काळ्यांचेच राज्य झाले. केटलवेलच्या १९५० नंतरच्या प्रयोगांवर आक्षेप आले, तेव्हा मॅजेरसने केंब्रिजमध्ये सहा वर्षे ४८६४ पतंग सोडून पाहिले. पक्षी उठून दिसणाराच अधिक टिपतात, हे ठरले. पण त्याही आधी, १९२४ साली, हाल्डेन यांनी या पतंगाच्या पिढ्यांचे गणित कागदावर मांडले होते. तेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांचा हिशेब आणि मुलांचा हिशेब यांत जातीचा फरक नाही, फक्त खोलीचा आहे.

उरली वेळेची तक्रार. दोन तास, चार चादरी आणि रंगीत कागद. प्रयोगशाळा नसल्याची सबब येथे चालणार नाही.