सराफ्याचा ओटा

डिसेंबर महिन्यात एका विवाहानिमित्त आम्ही सहकुटुंब इंदूरला गेलो होतो. विवाह आटोपल्यावर परतीच्या गाडीपूर्वी एक पूर्ण दिवस हाती उरला. नववीत शिकणाऱ्या आमच्या नातवाने परस्पर चौकशी करून एक बेत ठरवून टाकला होता. "आजोबा, आपण फूड वॉक करायचा. आठ-दहा जणांचा गट असतो, सोबत माहिती सांगणारा असतो आणि गल्लीबोळांतून चालत जाऊन जुने पदार्थ खायचे असतात."

बेत चांगला होता, पण त्यात एक अडचण होती. इंदूरचा प्रसिद्ध सराफा बाजार खाण्यासाठी जागा होतो तो रात्री, आणि सौभाग्यवतींचा चौविहार गेली तीस वर्षे अखंड चालू आहे. चिरंजीव म्हणाले, "आई हॉटेलवर विश्रांती घेईल." सूनबाईंना ते पटले नाही, पण त्या बोलल्या नाहीत. अखेर सौ. स्वतःच म्हणाल्या, "मी येणार आहे. फिरायला बंदी नाही, खायला आहे. आणि तुम्ही माझ्यासमोर खाताना संकोच करू नका." त्या वाक्याने सर्वांचाच संकोच वाढला, हे सांगणे नलगे.

वाट दाखविणारी मुलगी मराठी निघाली. चार पिढ्या इंदूरला राहिलेले घराणे, त्यामुळे तिच्या मराठीला हिंदीचा गोड लहेजा होता. अडचण ऐकताच तिने मार्ग काढला. "काकू, आपण दिवसाचे तीन भाग करू. सकाळी पोहे, सूर्यास्तापूर्वी राजवाड्याजवळ थोडेसे, आणि रात्री सराफा नुसता पाहायचा. ज्यांना खायचे त्यांनी खावे." गटात आम्ही पाच आणि इतर तिघे होतो. गट लहान असल्यानेच असा बदल करता आला. पन्नास जणांची बस असती, तर एका काकूंच्या नियमासाठी कोण थांबले असते?

सकाळी एका कोपऱ्यावरच्या गाडीपाशी उभे राहून पोहे खाल्ले. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पोह्यांचे पसरट भांडे ठेवलेले असते आणि पोहे वाफेवरच गरम राहतात. वरून शेव, डाळिंबाचे दाणे, लिंबू आणि जिरावण हा इंदुरी मसाला. कांदा वरून घालतात, त्यामुळे नको म्हटले की प्रश्न मिटतो. होळकरांच्या काळात दक्षिणेकडून आलेल्या मराठी कुटुंबांबरोबर पोहे माळव्यात रुजले, असे तेथे सांगतात. सोबत जिलबी खाण्याची रीत मात्र माळव्याची. रात्रभर आंबवलेल्या पिठाची म्हणून आम्ही ती घेतली नाही. गाडीवाल्याने कारण विचारले, सौ.नी सांगितले, आणि तो म्हणाला की त्याच्याकडे अशी गिऱ्हाइके रोज येतात.

दुपारी काच मंदिर पाहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सर सेठ हुकुमचंद यांनी बांधविलेले हे दिगंबर जैन मंदिर आहे. भिंती, खांब, छत, जमीन, सर्वत्र काचेचे काम. हुकुमचंद कापसाचे आणि सराफीचे मोठे व्यापारी होते. त्यांच्या नावाची कापड गिरणी इंदुरात होती. ती १९९० नंतर लवकरच बंद पडली आणि कामगारांची थकलेली देणी २०२३ च्या डिसेंबरात, म्हणजे सुमारे तीस वर्षांनी त्यांच्या हाती पडू लागली. आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला मंदिराच्या झगमगाटातही हा आकडा विसरता येत नाही.

तेथून राजवाडा चालण्याच्या अंतरावर आहे. खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी असा हा सात मजली होळकरवाडा १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन वेळा आगीत सापडला. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि पेठेचा जोर वाढला. राजवाड्याच्या पाठीमागेच सराफा आहे. सोने-चांदीची पेढी राजसत्तेच्या सावलीत का वसते, हे व्यापारी वाचकांना समजावून सांगायला नको.

सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होता. त्याआधी काय खाता येईल, याची यादी करायला बसलो तेव्हा गंमत झाली. गराडू हा हिवाळ्यातील खास पदार्थ, पण तो कंद. साबुदाणा खिचडी उपवासाची खरी, पण साबुदाणा मुळापासून निघतो. खोपरा पॅटिसच्या नावावर जाऊ नये, आत खोबरे असले तरी बाहेरचे आवरण बटाट्याचे असते. दहीवड्यात कच्चे दही आणि द्विदल एकत्र. नातू बोटे मोडीत होता आणि यादी आखूड होत होती. शेवटी उरला भुट्ट्याचा कीस. कोवळे कणीस किसून दुधात शिजवायचे आणि मसाला घालायचा. आले न घालता तो करून देणारा एक जण त्या मुलीने शोधून काढला. त्याने आमच्यासाठी वेगळी कढई घासून घेतली. सौ.नी पाच वाजून वीस मिनिटांनी कीस खाल्ला, पाणी प्यायल्या आणि त्यांचा दिवस संपला.

रात्री साडेआठला आम्ही सराफ्यात उभे होतो. आता मुख्य मुद्द्यावर येतो.

दिवसा या गल्लीत सोने-चांदीची दुकाने उघडी असतात. रात्री सराफ शटर ओढतात, आणि त्याच दुकानांच्या ओट्यांवर आणि समोर खाण्याच्या गाड्या, शेगड्या, कढया मांडल्या जातात. मध्यरात्रीनंतरही गर्दी असते. एकाच दुकानापुढे एकाच घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या बसावे, अशी कितीतरी उदाहरणे आहेत. रात्रभर माणसांची वर्दळ राहिली की पेढ्यांना आपोआप राखण मिळते, म्हणून सराफांनीच हा व्यवहार जुन्या काळी वाढू दिला, असे सांगितले जाते. एका जागेचा दोन वेळा उपयोग, आणि तोही मोठ्या पेढीने लहान माणसास करू दिलेला.

चिरंजीव आणि नातू मालपुवा, रबडी खात होते. आम्ही दोघे नुसते चालत होतो. तोंड रिकामे असले की डोळ्यांना अधिक दिसते, असा मला अनुभव आला. एक वृद्ध सराफ दुकान बंद करून निघताना समोरच्या मालपुवेवाल्याशी दोन शब्द बोलून गेले. मालपुवेवाल्याने त्यांची पायरी आधी धुतली आणि मगच भट्टी पेटविली. सौ.नी हे मला दाखविले. मी दराच्या पाट्या वाचीत होतो.

चित्र एवढेच गोड नाही, हेही लिहिले पाहिजे. अलीकडच्या वर्षांत सराफांची तक्रार आहे की गाड्यांची संख्या फार वाढली, जुने पदार्थ मागे पडून नूडल्स-मोमो आले, अरुंद गल्लीत गॅसच्या टाक्या मांडल्या जातात, आग लागली तर बंब आत येणार नाही. खाण्याचा बाजार हलवावा, इथपर्यंत गोष्ट गेली होती. फेरीवाल्यांचे म्हणणे, आम्ही हललो तर गिऱ्हाईक आमच्यामागे येणार नाही. मी दोन्ही बाजूंचा विचार केला. लाकडी माड्यांच्या वस्तीत गॅसची टाकी हा खरा धोका आहे, आणि तिकडे दुर्लक्ष करणे ही दया नव्हे. पण धोका टाकीचा आहे, माणसाचा नाही. संख्या ठरवावी, इंधन बदलावे, वाट मोकळी ठेवावी. हे करण्याआधीच हकालपट्टीचा विचार करणे म्हणजे बुडीत खाते तपासण्यापूर्वीच वसुलीची नोटीस काढण्यासारखे आहे.

हे लिहिताना मला माझेच एक प्रकरण आठवते. चाळीस वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या शाखेत मी कर्जविभाग पाहत होतो. शाखेच्या पायरीशी एक गृहस्थ भजी तळत. त्यांनी नवी हातगाडी घेण्यासाठी दोन हजार रुपये मागितले. विभेदक व्याजदराची योजना १९७२ पासून चालू होती. चार टक्के व्याज, तारण नाही. ती अशाच माणसांसाठी होती आणि मला पाठ होती. तरीही मी अर्जावर लिहिले, "धंद्याचा कायम पत्ता नाही." वस्तुतः त्यांचा पत्ता माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर होता. पुढे शाखेच्या नूतनीकरणात पायरीला लोखंडी जाळी बसली आणि ते कोठे गेले, याची मी चौकशीही केली नाही. नियमात माझी चूक कोणी काढली नसती. पण सराफ्यात धुतलेली पायरी पाहिली आणि तो अर्ज डोळ्यांपुढे आला.

आज परिस्थिती बरीच सुधारली आहे. २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यास विक्रीचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली. नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे असावेत, असे त्यात म्हटले आहे. २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली. विनातारण लहान कर्जापासून सुरुवात आणि वेळेवर फेड केल्यास पुढचे मोठे कर्ज. आपल्या दुकानासमोर बसणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल, तर सांगावे. अर्ज भरून देण्यास आपल्या घरातील एखाद्या तरुणाला अर्धा तास लागेल.

वाचकांपैकी कोणी अशा फेरीला जाणार असाल, तर अनुभवावरून काही सूचना करतो. गट दहाच्या आत असावा. आपले नियम आदल्या दिवशीच सांगून ठेवावेत, म्हणजे गाडीपाशी वाद होत नाही. "कांदा-लसूण नाही" एवढ्यावर थांबू नये. आले, बटाटा, कढई आणि तेल हेही विचारावे. एकाच थाळीत सर्वांनी हात घालण्याची पद्धत अशा फेऱ्यांत असते, त्याऐवजी वेगळे द्रोण मागून घ्यावेत. छायाचित्र काढण्यापूर्वी विक्रेत्याची परवानगी घ्यावी आणि काही विकत न घेता त्याची जागा अडवू नये. वाट दाखविणारा विक्रेत्याला पूर्ण पैसे देतो की नाही, हेही पाहावे. आमच्यासोबतच्या मुलीने प्रत्येक ठिकाणी छापील भावाने पैसे दिले आणि नावाने हाक मारून दिले.

आता थोडे घरचे. धाकट्या बंधूंचे गावी कापडाचे दुकान आहे. सायंकाळी त्याच्या ओट्यावर एक बाई शेंगा-फुटाणे घेऊन बसतात. पुतण्याने तेथे लोखंडी गज बसविण्याचे ठरविले होते, कारण कचरा होतो आणि गिऱ्हाइकाला पायरी चढता येत नाही. कारणे खोटी नव्हती. इंदुरहून परतल्यावर मी त्याला दूरध्वनी केला. उपदेश केला नाही, भज्यांच्या अर्जाची हकिकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, दुकान साडेआठला बंद होते. त्यानंतर पूर्ण ओटा त्यांनी घ्यावा. त्याआधी फक्त डावा कोपरा. आणि झाडून जायचे."

मी म्हटले, हा करार उत्तम आहे. त्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी खराटा आणला, असे बंधू सांगत होते. गजांसाठी दिलेली आगाऊ रक्कम लोहाराने परत केली नाही. त्यातून ओट्यावर एक दिवा बसवून घ्यावा, असे मी सुचविले आहे.