सल्ला मिळतो, पण पाऊल उचलते का?



"ताई, मोबाईलात दाखवतात ते खरं असतं का?" अकोले तालुक्यात बैठका घेताना हा प्रश्न आता वरचेवर कानावर येतो. पोटगीबद्दल, घरातल्या हक्काबद्दल कुणी वाचलेले असते, कुणाला मुलीने वाचून दाखवलेले असते. माहिती पुष्कळदा बरोबरही असते. तरी बाई जागची हलत नाही. हा तिचा भित्रेपणा नव्हे. सल्ला चुकला तर घर तिचे सुटणार, सल्ला देणाऱ्याचे नाही.

कायदे आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. २०१७ पासून 'टेली-लॉ' योजनेत वकिलाचा सल्ला दूरवरूनही मिळतो. मग अडते कुठे?

अडते विश्वासापाशी. 'तक्रार करा' एवढे सांगून सल्ला संपतो. त्या रात्री मुलांना घेऊन झोपायचे कुठे, हे कोणी सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून ४९८-अ ऐवजी भारतीय न्याय संहितेची ८५ आणि ८६ ही कलमे आली. जुने पान वाचून ठाण्यात गेलेली बाई गोंधळून परतली, तर पुन्हा कुणाचे ऐकेल?

'लाडकी बहीण' योजनेचा अनुभव ताजा आहे. २०२४ मध्ये गावोगावी अर्ज मोबाईलवरून भरले गेले, कारण शेजारी ओळखीची अंगणवाडी सेविका बसली होती. २०२५ मध्ये ई-केवायसीसाठी नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला, तेव्हा विधवा आणि टाकलेल्या बायका अडकल्या. यंत्रणा आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे त्या नव्हत्याच.

म्हणून आपली मागणी साधी आहे. सल्ला कोणी दिला आणि कधी तपासला, ते वरच लिहा. भाषा आमच्या बोलीची ठेवा, वाचता न येणारीला ऐकता येऊ द्या. पुढे काय घडेल, किती दिवस लागतील, धोका काय, हे लपवू नका. मोबाईल घरात सगळ्यांच्या हातात असतो, तेव्हा खूण मागे राहू देऊ नका. आणि शेवटी तालुक्यातल्या एका जित्या माणसाचा पत्ता द्या.

ही साधने बनतील तेव्हा आधी आपल्या बैठकीत, बायकांच्या हाती देऊन पारखली जावीत, हा आग्रह आपणच धरायला हवा. तुमच्या गटाचे अनुभव जरूर कळवा.