एकट्याने पुरा न होणारा खेळ

व्हिडिओ खेळाचे नाव काढले की घरातील मोठ्या माणसांच्या कपाळावर आठ्या पडतात आणि मुलांचे डोळे चमकतात. दोघेही निकाल घाईने देतात. कोणत्याही वस्तूचे गुण आणि दोष पारखून मगच मत बनवावे. आज आपण एका प्रसिद्ध खेळाची अशी पारख करू.

'पोकेमॉन' हे नाव तुम्ही ऐकले असेल. या खेळाच्या लाल आणि हिरवी अशा पहिल्या दोन आवृत्त्या १९९६ साली जपानमध्ये निघाल्या. निन्टेंडो कंपनीच्या 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रावर त्या खेळत. खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. पुढे त्यांच्या गावातील शेते आणि तळी जाऊन तेथे इमारती आल्या. किडे शोधण्याचा तो आनंद शहरातील मुलांनाही मिळावा, असे त्यांना वाटले.

या खेळात आपण गावोगाव फिरून अद्भुत प्राणी पकडतो, त्यांना वाढवतो आणि त्यांच्या झुंजी लावतो. पाण्याचा प्राणी आगीच्या प्राण्यावर मात करतो, आगीचा वनस्पतीच्या आणि वनस्पतीचा पाण्याच्या. म्हणून नुसते बळ पुरत नाही, विचार करावा लागतो.

पण खरा गुण वेगळाच आहे. सुरुवातीला तीन प्राण्यांपैकी एकच निवडता येतो. उरलेले दोन आपल्या खेळात सापडतच नाहीत. काही प्राणी फक्त लाल आवृत्तीत, तर काही फक्त हिरवीत मिळतात. मग मित्राचे यंत्र तारेने जोडून अदलाबदल करावी लागते. चार प्राणी तर दुसऱ्याला दिल्यावरच आपले पूर्ण रूप घेतात. सारा संग्रह एकट्याला पुरा करताच येत नाही!

आता दोष पाहू. मनाच्या शक्तीने लढणारे प्राणी भुताला घाबरतात, असे खेळातच सांगितले आहे. प्रत्यक्षात भुताच्या हल्ल्याचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. गुहेत पावलोपावली तीच ती झुंज करावी लागते आणि तासन् तास वाया जातात. एका खेळात एकाचीच नोंद राहते. धाकट्या बहिणीने नवा खेळ सुरू करून जतन केला, की भावाची सारी मेहनत पुसली जाते. सर्वांत मोठा दोष खर्चाचा. अदलाबदलीसाठी मित्राकडेही यंत्र आणि खेळ हवा. ज्याच्या मित्राला ते परवडत नाही, त्याचा संग्रह अपुराच राहतो.

माझ्या मते या खेळाचे गुण दोषांपेक्षा जड आहेत. पण एका अटीवर. तो कोणाच्या तरी शेजारी बसून खेळला पाहिजे. आज या मालिकेतील नव्या खेळांत इंटरनेटवरून अनोळखी माणसाशीही अदलाबदल होते. सोय वाढली, पण शेजारी बसून "तू मला हा दे, मी तुला तो देतो" असे म्हणण्याची गंमत त्यात नाही.

ही गंमत यंत्राशिवायही मिळू शकते. टपालाची तिकिटे, झाडांची पाने, जुनी नाणी जमवा आणि मित्रांशी अदलाबदल करा. हातात यंत्र असो वा नसो, देवाणघेवाण करणाऱ्याचाच संग्रह वाढतो. तुम्हाला काय वाटते? वर्गात चर्चा करा.